भावाखालचा आकडा

माझी आत्या नेलिदा बोत्तारो हिनं ब्युनोस आयरेसच्या बोएदो भागातल्या मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानात एकतीस वर्षं बायकांच्या टोप्या बनवल्या. लग्नाच्या, शोकाच्या, रविवारी चर्चला घालून जायच्या. लाकडी साच्यावर ओला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, ताणायचा आणि वाफेनं त्याला आकार द्यायचा, हे काम तिच्या हातात इतकं बसलं होतं की जेवताना बोलता बोलता ती मांडीवरचा रुमालसुद्धा नकळत गोल दाबत बसायची. मग शहरातल्या बायकांनी टोप्या घालणंच सोडलं. चौऱ्याऐंशी साली मालकानं दुकानाला कुलूप लावलं आणि तो मुलीकडे राहायला गेला. बावन्न वर्षांची, बिनलग्नाची नेली आत्या निघताना मिळालेली रक्कम घेऊन घरी बसली.

तेव्हा पैसा घरात ठेवून चालत नसे, तो ठेवल्या जागी विरघळायचा. सकाळी पाव ज्या भावानं मिळे त्या भावानं संध्याकाळी मिळत नसे. माझे बाबा, रोमुलो, तिचे धाकटे भाऊ. ते बस चालवायचे. त्यांचं म्हणणं होतं की डॉलर घ्यावेत आणि गादीखाली ठेवावेत. पण आत्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईचा जावई कुठल्याशा कागद गिरणीत होता. त्या बाईनं गिरणीचे शेअर घ्यायला सांगितलं आणि आत्यानं घेतले. बाबांना विचारलंसुद्धा नाही.

बारा पेसोंना घेतलेला शेअर चार महिन्यांत एकवीसवर गेला. आत्या रोज दुपारी शेअर बाजारात जाऊ लागली. वरच्या सज्जात तिच्यासारखी साधी माणसं कठड्याला टेकून उभी असत. खाली दलालांचा कालवा चाले आणि भिंतीवरच्या लांबलचक फळ्यांवर माणसं खडूनं भाव लिहीत, पुसत, परत लिहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. औषधशास्त्राच्या वर्गाला बुट्टी मारून मी बऱ्याचदा तिच्याबरोबर जायचे. बाजार सुटला की मागच्या गल्लीतल्या कॅफेत सगळी मंडळी जमत आणि आपण किती शहाणे आहोत ते एकमेकांना सांगत.

एकवीसचा भाव लागला त्या दिवशी आत्यानं सगळ्या टेबलांना मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या गोड पावरोट्या, वाटल्या. शेजारच्या टेबलावर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ बसले होते. नाव ओविदियो फ्रास्कारेल्ली. अडतीस वर्षं ते त्या फळ्यावर लिहीत होते. आता निवृत्त झाले होते, पण घरी करमत नाही म्हणून रोज कॅफेत येत. खडूच्या धुळीनं त्यांना कायमचा खोकला लागला होता.

त्यांनी मेदियालुना घेतली, आभार मानले आणि शांतपणे विचारलं, “नेलीबाई, तुम्ही घेतले तेव्हा डॉलर केवढ्याला होता?”

“पन्नास असेल.”

“आणि आज?”

आजचा भाव सगळ्यांनाच ठाऊक होता. सव्वाशे.

ओविदियोकाकांनी खिशातून पेन्सिल काढून कागदी रुमालावर दोन भागाकार केले आणि रुमाल तिच्यापुढे सरकवला. “चोवीस सेंटला घेतलात. आज त्याचे सतरा सेंट झालेत. तुम्ही पेढे नुकसानीचे वाटताय.”

आत्याचा चेहरा उतरला, पण ती उठून गेली नाही. रुमाल तिनं नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी शेअर विकून टाकले आणि परत त्याच कॅफेत येऊन त्यांच्या समोरची खुर्ची ओढली. मला शिकवा, म्हणाली.

त्यांनी घातलेली अट ऐकून मला हसू आलं होतं. वर्षभर काहीच विकत घ्यायचं नाही. फक्त आलेख काढायचा. एका कंपनीसाठी एक कागद. दिवसाचा भाव डॉलरनं भागायचा आणि त्याची उभी रेघ वर काढायची. खाली दुसरी उभी रेघ काढायची, त्या दिवशी एकूण किती शेअर या हातातून त्या हातात गेले त्याची. कॅफेतल्या कुणालाच त्या खालच्या आकड्याशी देणंघेणं नव्हतं.

“भाव काय, कुणीही बोंबलून वाढवतो,” ते म्हणाले. “मी अडतीस वर्षं तो लिहिलाय. मला माहीत आहे. दोन माणसांनी शंभर शेअरची अदलाबदल केली तरी फळ्यावर नवा भाव चढतो. त्या भावाच्या मागे किती माणसं उभी आहेत ते खालचा आकडा सांगतो. आणि या देशात पैसा विरघळतो, बाई. शेअर नाही विरघळत. हजार म्हणजे हजारच.”

आत्यानं वर्षभर रेघा ओढल्या. टोप्यांना लावायच्या फितीची मोजपट्टी घेऊन ती जेवणाच्या टेबलावर बसायची, जिभेचं टोक बाहेर काढून. चढलेल्या दिवसाला हिरवी पेन्सिल, उतरलेल्याला तपकिरी. दर गुरुवारी गुंडाळी काखेत घालून कॅफेत जायची आणि ओविदियोकाका तिच्याकडून वाचून घ्यायचे. इथे भाव पडला, पण उलाढाल एवढीशीच का? म्हणजे विकणारे थकलेत. इथे उलाढाल एवढी मोठी आणि भाव जागचा हलला नाही, मग हे सगळे शेअर गेले कुठे? ती चुकली की ते कागद उलटा करून परत तिच्यापुढे ठेवत, एवढंच.

बाबांना हे सगळं वेड वाटायचं. रविवारी आमच्याकडे राव्हियोली असायची आणि त्याबरोबर आत्याची थट्टा ठरलेली. “ताई, तुझ्या रेघोट्यांनी अजून एक तरी पाव घरात आणला का?” आत्या चीज किसत राहायची. नाही आणला अजून, म्हणायची.

त्याच वर्षात कधीतरी तिनं ओविदियोकाकांना विचारलं की तुम्ही स्वतः किती कमावलेत. त्यांनी आधी खोकून घेतलं. मग सांगितलं की आयुष्यात त्यांनी एकही शेअर घेतलेला नाही. नोकरीत असताना मनाई होती. नंतर कुणाची मनाई नव्हती, पण हात धजावला नाही. ज्यांची नावं त्यांनी श्रीमंत म्हणून ऐकली होती त्यांनाच त्यांनी सज्जाखालच्या बाकावर डोकं धरून बसलेलं पाहिलं होतं. “वाचता येतं मला,” ते म्हणाले. “घेता नाही येत.” मला वाटलं आता आत्याचा त्यांच्यावरचा विश्वास उडणार. पण घरी परतताना ती बसमध्ये एवढंच म्हणाली की खोटं बोलायला किती सोपं होतं त्यांना.

पंच्याऐंशी साली जुनं नाणं जाऊन ऑस्त्राल आला आणि काही महिने भाव जरा थाऱ्यावर आले. त्या काळात आत्याच्या कागदांवर एक कंपनी होती, फरश्या आणि संडासाची भांडी बनवणारी, सेरामिका इतुसाइंगो. सगळ्यांत कंटाळवाणी. सात महिने तिचा भाव एका पट्टीत पडून होता. पण मार्चमध्ये इथला शरद ऋतू लागला तसं खालच्या रेघांमध्ये काहीतरी होऊ लागलं. भाव किंचित उतरला की उलाढाल तीन हजारांवर यायची. किंचित चढला की वीस हजार. आठवड्यामागून आठवडे तसंच. आत्यानं गुरुवारी कागद उलगडला आणि बोट ठेवून सांगितलं की इथे कुणीतरी पाय न वाजवता माल उचलतंय.

ओविदियोकाकांनी कागद उलटा केला नाही. ते एवढंच म्हणाले, “थांबा. पट्टीच्या बाहेर पडू दे. पडेल तेव्हा आवाज होईल.”

पाच आठवड्यांनी एका मंगळवारी आवाज झाला. नव्वद हजार शेअर फिरले आणि भावानं सात महिन्यांची पट्टी ओलांडली. बुधवारी सकाळी आत्या दलालाकडे निघाली. ओविदियोकाका कोपऱ्यावर तिची वाट पाहत उभे होते, इस्त्रीचा कोट घालून. त्यांनाही घ्यायचे होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या माणसानं जन्मातला पहिला शेअर घेतला. दोनशे नग. सही करताना हात इतका थरथरला की कारकुनानं दुसरा कागद दिला. दुसराही बिघडला. शेवटी आत्यानं त्यांचा कोपर धरला, साच्यावरची टोपी धरायची तसा, हलकेच.

सप्टेंबरात वसंत लागला तो सगळा सेरामिका चढत राहिली. नोव्हेंबरात कॅफेतला वेटरसुद्धा फरश्यांबद्दल बोलू लागला. आणि आत्याच्या कागदावर वरची रेघ दर आठवड्याला नवी उंची गाठत होती, पण खालची बुटकी होत चालली होती. चाळीस हजार. तीस. अठरा. एका सोमवारी तिनं आणि ओविदियोकाकांनी सगळे विकले. साडेतीन पट झाले होते, तेही डॉलरात.

नेमके त्याच आठवड्यात बाबांनी ते घेतले. गाडीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे घालून. आत्याला कळलं तेव्हा ती ताबडतोब आमच्या घरी आली आणि टेबलावर कागद पसरला. तिनं त्यांना खालच्या रेघा दाखवल्या.

“ताई, टोप्या शिवणारीनं मला बाजार शिकवावा एवढे वाईट दिवस आलेले नाहीत माझे.”

“मी शिकवत नाहीये. भावाच्या मागे उभे असणारे कमी होत चाललेत, एवढं बघ.”

“तू तीनपट कमावलंस तेव्हा ठीक होतं. मी कमवायला लागलो की कमी होतात होय?”

पुढचे आठ दिवस भाव अजून चढला. बाबा रविवारी वाइनची बाटली घेऊन आले, ती मुद्दाम आत्यापुढे ठेवली आणि म्हणाले की तू सोडलेल्या नफ्यातून आणलीय. तिनं ती उघडली आणि सगळ्यांना ओतली. गुरुवारी एक लाख दहा हजार शेअर फिरले आणि भाव दिवसअखेर होता तिथंच राहिला. शुक्रवारपासून घेणारेच नाहीसे झाले. बाबांनी शेवटी निम्म्या भावात सुटका करून घेतली. त्या दिवसापासून ते आत्याशी बोलेनासे झाले. तिनं कधी ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही. बाबांचा राग बहुतेक त्याचाच होता.

मार्चमध्ये, सुट्टीची गर्दी ओसरल्यावर, आत्या आणि ओविदियोकाका चार दिवस समुद्रकाठच्या मार देल प्लाताला गेले. खर्च ओविदियोकाकांच्या दोनशे शेअरांचा. सोबतीला मला नेलं, लोक काय म्हणतील म्हणून. ओविदियोकाकांनी समुद्र शेवटचा पाहिला होता तो आठव्या वर्षी, इटलीहून येताना बोटीवरून. धक्क्यावर आम्ही तळलेली माकूळ खाल्ली. ते बूट-मोजे काढून पँट दुमडून पाण्यात उभे राहिले आणि आत्या त्यांचे बूट हातात धरून कोरड्या वाळूवर. खोकला त्या चार दिवसांत एकदाही ऐकू आला नाही. तिथे ते पहिल्यांदा तिला नुसतं ‘नेली’ म्हणाले. मी दुसरीकडे पाहिलं.

आत्या पुढे नेहमीच जिंकली असं नाही. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात एका साखर कारखान्याच्या शेअरमध्ये ती जोरात आपटली. कागदावर त्या दिवसाच्या रेघेशेजारी तिनं लाल पेन्सिलीनं लिहिलं, “मला हवं होतं तेच मी वाचलं.” ओविदियोकाका म्हणाले की हे वाक्य लिहिणारं त्यांना अडतीस वर्षांत कुणी दिसलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये ते गेले. फुप्फुसं. दोन दिवस इस्पितळात होते, आत्या बाहेरच्या बाकावर बसून होती. त्यांच्या नात्यातलं इथं कुणी नव्हतं. शवपेटी उचलायला कॅफेतली तीन माणसं आली होती, आणि चौथ्यासाठी सगळे एकमेकांकडे पाहत असताना माझे बाबा बसचा गणवेश घालून दारात उभे राहिले. पावणेदोन वर्षांनी. त्यांना कुणी सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मी तर सांगितलं नव्हतं. त्यांनी पेटीचा कोपरा खांद्यावर घेतला. परत येताना आत्याला हात देत म्हणाले, “ताई, रविवारी ये. एकटी जेवू नकोस.” ती आली. सेरामिकाचं नाव पुन्हा त्या टेबलावर निघालं नाही.

पुढल्या वर्षी भाव असे सुटले की दुकानदार दिवसातून दोनदा चिठ्ठ्या बदलत होते. आत्या निमूटपणे भागाकार करत राहिली. त्या वर्षात आमच्या घरात जे काही शाबूत राहिलं ते तिच्या त्या सवयीमुळे. माझं शिक्षणही त्यातच पुरं झालं. मग बाजारातले फळे गेले, संगणकाचे पडदे आले. एका तरुण दलालानं तिला यंत्रातून एका क्षणात निघालेला आलेख कौतुकानं दाखवला, खालच्या रेघांसकट. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. छान आहे, अगदी सरळ आहेत रेघा, म्हणाली.

त्र्याण्णवच्या वसंतात ती मला घेऊन दलालाकडे गेली आणि तिच्याकडचं सगळं विकायला सांगितलं. बाजार तेव्हा तेजीत होता. उलाढाल भरगच्च होती, कुठेही थकव्याची खूण नव्हती. तिच्या स्वतःच्या कागदावरसुद्धा नव्हती, मी पाहिला होता. कारकून बुचकळ्यात पडला. बाई, अजून चढणार आहे हे, तो म्हणाला, तुम्हाला तर दिसतंच आहे.

“दिसतंय ना,” आत्या म्हणाली. “पण दिसलेलं गुरुवारी सांगू कुणाला?”

तिनं सही केली. मग आम्ही चालत बसच्या थांब्यापर्यंत गेलो. वाटेत तिनं बाबांसाठी पावशेर ऑलिव्ह घेतले.