वखारीतला ओरडा
तंबाखूचा वास आला की मला आधी आई आठवायला हवी, पण आधी तो आठवतो आणि डोकं फिरतं. आज तो मोठा रॅपर आहे, स्वतःची म्युझिक कंपनी आहे, पुरस्कार घेताना 'आमची निपाणी' म्हणून गळा काढतो. तेव्हा तो माझा मित्र होता. आई ज्या वखारीत तंबाखू चाळायची, तिथं पोत्यांच्या थप्पीमागं आवाज घुमत नाही, म्हणून आम्ही त्याचं पहिलं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो. भर दुपार होती, वरचा पत्रा तापला होता, धुरळ्यानं घसा जळत होता. तो शिव्यांच्या ओळीवर आला आणि नाकाला पदर बांधलेली आई थेट आत घुसली. "लाज न्हाय व्हय रं तुमास्नी? आधी भाकरी खावा, मग काय बोंबलायचं ते बोंबला!" मी म्हणालो, "उडव रं ते." तो हसला, "ऱ्हाऊ दे, आक्काचा आवाज लई भारी हाय." ते गाणं आजही त्याच ओरड्यानं सुरू होतं, लोक त्यावरनंच ते ओळखतात. त्यानं तिला कधी विचारलं नाही, गाण्याखाली तिचं नावसुद्धा घातलं नाही. गेल्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध झालं. तिचा दुसरा आवाज माझ्याकडं नाही, म्हणून तिच्या फोटोला तेवढाच ओरडा जोडून मी व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तासाभरात तो काढून टाकला गेला. कारण लिहून आलं होतं: या आवाजाचे हक्क त्याच्या कंपनीकडे आहेत.