न चावलेली गोचीड

माझा धाकटा दीर मेंढ्यांची लोकर कातरायचा. हात असा हलका, की कातरताना मेंढी डुलकी काढायची. जीभ मात्र कातरीपेक्षा धारदार. लोकरीत गोचीड दिसली की दोन नखांत चिरडायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आणखी एक सासरी पाठवली!"

एकदा त्याला सणकून ताप भरला. कंबर ठणकायला लागली, डोळे लालभडक. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं. मग ताप उतरला, गडी उठून बसला, आम्ही निर्धास्त झालो. आणि चूळ भरली तर पाणी लाल! दंडावर जांभळे डाग. ताप गेला नि दुखणं वाढलं, हे कसलं उफराटं?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही चावलं होतं का?"

"बायकोचं बोलणं सोडलं तर काही नाही."

"अहो, आता तरी गप बसा!" जाऊ रडतरडतच खेकसली.

अंगावर चावल्याची खूण नव्हती. बाई बुचकळ्यात, आम्ही त्याहून. मग त्यांनी हातमोजे चढवले, त्याचे तळवे उलटे केले. बोटांवर कातरीच्या बारीक चिरा. मेंढ्या कातरतो, मी सांगितलं. "मेंढ्यांवरच्या गोचिडींचं काय करता?" बाईंनी विचारलं.

दिराने नखं जुळवून दाखवली, तीही ऐटीत.

"चावायची गरजच नाही," बाई म्हणाल्या. "चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातला विषाणू त्या चिरांतून आत गेला असणार. आता यांच्या रक्तातून तो तुम्हालाही लागू शकतो."

मग एकच धांदल. वेगळी खोली, सगळ्यांना मास्क, रक्त दूर कुठे तपासायला पाठवलं. घरी देत होतो ती अंगदुखीची गोळी बंद, म्हणे तिने रक्तस्राव वाढतो. मी म्हटलं, कंबर तरी चोळते, तर त्याच्या कपड्यांनाही हात लावायचा नाही! सलाईन, प्लेटलेटच्या पिशव्या.

"नेमकं औषध कोणतं?" मी विचारलं.

"एक देतोय, पण खात्री नाही. लढायचं त्याच्या अंगानेच. आपण रक्त पुरवायचं."

डॉक्टरलाच खात्री नाही म्हटल्यावर मी काय समजायचं? आम्हालाही रोज ताप बघायला लावला. थर्मामीटर काखेत धरून जाऊ विचारायची, "ताई, हा ताप आहे की भीती?" मला काय ठाऊक!

एका दुपारी काचेपलीकडे नर्सने त्याला चूळ भरायला दिली. जावेने माझं मनगट आवळलं. तो थुंकला. नर्सने भांडं आमच्याकडे तिरकं केलं. पाणी. नुसतं पाणी.

"ताई, थुंकी बघून कुणाला इतकं बरं वाटतं का हो?" म्हणत जाऊ तिथेच फरशीवर बसली.