तुलनेची नळी

बसवनगुडीतील बेकरीवरून जाताना यीस्टचा आंबूस, उबदार वास आला की मला आमची जुनी प्रयोगशाळा आठवते. तिथे शेजारच्या टेबलावर माझ्याहून मोठी एक संशोधक काम करी. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचेच, म्हणून मी तिला इथल्या कन्नड रीतीने अक्का म्हणे. एका पानाचा अर्क यीस्टची क्रिया मंदावतो, असा तिचा प्रबंध होता आणि तो जवळजवळ लिहून झाला होता. यीस्ट काम करत असले की नळीत वायूचे बुडबुडे येतात. ते जितके घटतील, तितका अर्काचा परिणाम. अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असे. एका दुपारी आमच्या मार्गदर्शक सरांनी सहज विचारले, की अर्काची मात्रा वाढवताना अल्कोहोलही वाढले, मग तुलनेच्या, म्हणजे बिनअर्काच्या नळीतले वाढवले होते का? अक्काने ते पहिल्या दिवसाइतकेच ठेवले होते. तिने लगेच एका नळीत अर्काविना, वाढवलेल्या मात्रेइतके अल्कोहोल घातले. बुडबुडे विरळ झाले आणि थांबले, अगदी अर्काने थांबत तसेच. "अक्का, स्वल्प थांबू या, येतील परत," मी म्हणाले. "सरी, ठीक आहे, थांबू," ती हसून म्हणाली, "पण पानाला उगाच बदनाम केलं बघ मी." मग ती बराच वेळ धुतलेल्याच नळ्या पुन्हा धूत राहिली. आता माझे विद्यार्थी आनंदाने प्रयोगातली घट दाखवायला येतात. कशाच्या तुलनेत, हे मला विचारावेच लागते. पण त्याआधी मी त्यांना बसायला सांगते.