पोरांच्या अंगावरून उतरलेल्या जर्स्या

ऑर्वो माझा धाकटा भाऊ. कागदाच्या कारखान्यात जन्म घालवला, बायको आधी गेली, आणि या सगळ्यात शौक एकच: आमच्या गावच्या आइस हॉकी टीमच्या पोरांनी खेळताना घातलेल्या जर्स्या जमवायचा. दुकानातली कोरी जर्सी फुकट दिली तरी घ्यायचा नाही. म्हणायचा, "ताई, तिनं काय पाहिलंय?"

हंगामाचा शेवटचा सामना संपला की पोरं बर्फावरच जर्स्या काढून विकायची. ऑर्वो ती ओलीगच्च जर्सी काखोटीला मारून घरी आणायचा आणि परसातल्या बंद सौनात टांगायचा. आमचे आईबाप त्या लाकडी खोलीत वाफ घ्यायचे. टीम गरीब, विकण्याआधी एकच जर्सी तीन-चार पोरांच्या अंगावरून जायची. नव्या नावाच्या कडेनं जुन्या टाक्यांची भोकं दिसायची. खांद्यावर खेळातल्या रबरी चकतीचे काळे डाग, बाहीला रफू, गळ्यापाशी कुणाच्या तरी नाकाचं रक्त. आणि वास! मी शेजारीच राहते, पण कॉफीचा कप दारातूनच पुढे करायची.

पुढे टीम बंद पडली. यंदा ऑर्वोचे गुडघेही. त्याचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे चला. सून डेनिस भली बाई, पण तिनं स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुम्ही या. तो वास नको."

"जर्स्या नाहीत तर मी पण नाही," ऑर्वो मला म्हणाला.

"मग ये माझ्याकडे. जिना दोघं मिळून चढू. एक गुडघा तुझा, एक माझा."

हसला नाही.

शनिवारी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. आम्ही परत येऊन बघतो तर सौनाचं दार सताड उघडं, अंगणभर दोऱ्या, दोऱ्यांवर जर्स्या. साबणाचा फुलाफुलांचा वास. मधोमध डेनिस घामाघूम.

"बाबा, आता सगळ्या येतील आपल्या घरी! गळे तर ब्रशनं घासले."

या शौकात जर्सी धुतली की तिची किंमत संपली. पण ते डेनिसला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑर्वोला वाटायचं, साऱ्या जगाला ठाऊक आहे.

तो काठी टेकत दोरीपाशी गेला. एक जर्सी नाकाशी धरली आणि तशीच धरून राहिला. मला वाटलं, आता तिच्यावर भडकतोय.

"चुकलं का काही, बाबा?"

"नाही गं. दमली असशील. जा, काहीतरी खाऊन घे."

ती आत गेल्यावर म्हणाला, "रक्त गेलं, ताई."

"आणि ते काळे डाग?"

त्यानं खांदा ताणून बघितला. डाग होते. भोकंही होती.

"मार तेवढा राहिला," म्हणाला. त्याच आवाजात पुढे, "चल, घड्या घालू. एकट्यानं नाही होत आता."

एक टोक त्यानं धरलं, एक मी. रविवारी जर्स्या मुलाच्या गाडीत गेल्या, त्यांच्या शेजारी बसून ऑर्वो गेला.

आता सौनाला कसलाच वास नाही. कॉफी घेऊन मी थेट आतल्या बाकापर्यंत जाऊ शकते. एकदा सवयीनं दोन कप घेऊन गेलेही. मग दोन्ही कप मीच प्यायले.