पुस्तक वाचल्याशिवाय बटण नाही

सन २०२२. मला एकाहत्तरावं चालू होतं, आणि त्या वर्षीच्या थंडीत आमच्या वहिनी गेल्या. घरात आलेलं कुठलंही यंत्र त्यांनी सोबतचं पुस्तक वाचल्याशिवाय सुरू करू दिलं नाही. मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर डास मारायची साधी बॅट असो. खोकं उघडलं की आधी त्या पुस्तक काढून घेत आणि म्हणत, "पुस्तक वाचल्याशिवाय बटण नाही." माझा मुलगा संजय लहानपणी रडायचा. नवा टीव्ही समोर, आणि यांचं वाचन संपेना.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तरुणपणीच गेला. तेव्हापासून त्या माझ्याकडेच होत्या, आधी देवळ्याला, मग इथे नाशिकला, इंदिरानगरला. पुढे माझी बायकोही गेली, तेव्हा संजय चार वर्षांचा होता. त्याला वहिनींनीच वाढवलं. तो त्यांना मोठी आई म्हणायचा आणि मला अण्णा. कुठे काही लागलं, खुपलं, तर अण्णाकडे कधी आला नाही.

त्या सातवी शिकलेल्या. माझी शाळा तिसरीत सुटली. पण सातपूरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो, आणि मशीनचं काय दुखतंय ते आवाजावरून सांगायचो. इंजिनिअर लोक मला बोलवायला यायचे. त्यामुळे घरातल्या डबड्यांसाठी पुस्तक वाचायचं, हे मला कमीपणाचं वाटायचं. दुपारचं जेवण झालं की वहिनी चष्मा लावून बसत. मराठी असलं तर मराठी, नाहीतर हिंदी, आणि नुसतं इंग्रजी असलं तर संजयची जुनी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द. वाचायच्या मोठ्यानं, आणि सगळ्यांनी ऐकायचं. मी म्हणायचो, "झाली का वहिनी पोथी सुरू? आज कितवा अध्याय?" त्या पानावरची नजर न काढता म्हणायच्या, "तुम्हाला मशीनचं बरं ऐकू येतं भाऊजी. माणसाचं नाही येत."

एकदा मिक्सरच्या खोक्यात पुस्तकच नव्हतं. वहिनी खोकं काखेत मारून बसनं मेन रोडला दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, आजी, पुस्तक कशाला, मी चालवून दाखवतो ना. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही काय आमच्या घरी राहायला येणार आहात?" पुस्तक घेऊनच परत आल्या. हे त्या दुकानदारानंच मला पुढे हसत हसत सांगितलं.

प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं असे, आणि गॅरंटीचं कार्ड आत दोऱ्यानं टाचलेलं. पहिल्या पानावर यंत्र घरात कोणत्या दिवशी आलं ते लिहायचं. सगळी एका साडीच्या खोक्यात. दसऱ्याला मी माझी हत्यारं पुजायचो, पान्हे, कानस, हातोडी, आणि वहिनी फ्रिजला, मिक्सरला हळदकुंकू लावून प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचं त्याचं पुस्तक ठेवायच्या, वर आपट्याचं पान. यंत्र मोडीत निघालं की पुस्तकही भंगारवाल्याच्या हातात द्यायच्या. वर त्याला सांगायच्या, याला पाणी लागू देऊ नका. तो बिचारा पंखा घेऊन चाललेला असायचा, मान हलवायचा.

गॅसचा गिझर मी आणला. त्याचंही वाचन झालं. पुस्तकात म्हटलं होतं की गिझर न्हाणीघराच्या आत लावू नये, बाहेरच्या भिंतीवर लावावा, आणि न्हाणीघराचा झरोका कायम उघडा ठेवावा, नाहीतर जाळाचा वास न येणारा विषारी वायू आत कोंडतो. बाहेरची भिंत शेजाऱ्याच्या बोळात. त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं, परवानगी मागायला मी जाणार नव्हतो. मी गिझर आतच लावला, माझ्या हातानं. वहिनी दोनदा बोलल्या. मग त्यांनी आपला नियम केला. दार उघडं ठेवून दोन बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, आणि मगच कडी लावायची. दोन वर्षं त्यांनी तो पाळला आणि मलाही पाळायला लावला.

त्या वर्षी थंडी जबर पडली. वहिनींचे गुडघे सुजले, उठता-बसता भिंत धरावी लागायची. न्हाणीघराच्या झरोक्यातून वारा सुरीसारखा यायचा. मी प्लायवूडचा तुकडा कापला आणि चार स्क्रू मारून झरोका बंद केला. त्यांच्यासाठीच केला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते उघडं ठेवायला सांगितलंय."

मी म्हणालो, "पुस्तक छापणाऱ्याला नाशिकची थंडी काय माहीत."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. घर तुमचं आहे."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही. मी स्क्रू घट्ट करत होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांना केस धुवायचे होते. पाणी जास्त लागणार, आणि गुडघ्यांमुळे पुन्हा पुन्हा उठवेना. नळ चालू ठेवूनच त्या कडी लावून बसल्या असाव्यात. मी बाहेर पेपर चाळत होतो. पाण्याचा आवाज येत होता, गिझरचा जाळ घुमत होता, सगळं व्यवस्थित चाललंय असं मला त्या आवाजावरून वाटत होतं. बऱ्याच वेळानं हाक मारली. मग दार तोडलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, केसांना शिकेकाई तशीच.

गल्लीतल्या डॉक्टरांनी वय विचारलं. शहात्तर, मी सांगितलं. ते म्हणाले, हार्ट असणार, थंडीत होतं असं. मी मान हलवली. संजय पाथर्डी फाट्याच्या त्याच्या घरून येईपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात मी स्क्रू काढले आणि प्लायवूड माळ्यावर टाकलं.

तेरा दिवस मी खरं काही बोललो नाही. माणसं येत होती, कसं झालं विचारत होती, मी हार्ट सांगत होतो. संजय आणि सूनबाई नातीला घेऊन माझ्याकडेच राहिले होते. त्यांचं अंघोळीचं पाणी मी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवायला लावलं. कारण कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्याला दुःखानं सुचत नाहीये, असं त्यांना वाटलं असेल. दहाव्याला रामकुंडावर कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती. संजय तिथेच रडला. मी उभा होतो.

तेराव्याची जेवणं उरकली, संध्याकाळी संजय घरी जायला निघाला. चप्पल घालता घालता म्हणाला, "अण्णा, आमच्या बाथरूमची खिडकी जरा बंद करून द्याल का? पोरीला सर्दी झालीय. तुमच्यासारखं फिटिंग कोणाला जमत नाही." त्याच्याकडेही तसलाच गिझर, आतच लावलेला. माझं बघून मागच्या वर्षी त्यानं घेतला होता. मी हं म्हणालो. फक्त हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंघोळी व्हायच्या आत मी रिक्षा करून पाथर्डी फाट्याला गेलो. तीन जिने चढलो. दार सूनबाईनं उघडलं. तिला बाजूला करून मी आधी सिलिंडरचा कॉक बंद केला, मग संजयला उठवून जिन्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. भिंत, शेजारी, झरोका, त्या काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, माळ्यावर काय टाकलं. त्याच्या तोंडाकडे बघूनच सांगितलं.

तो म्हणाला, "तेरा दिवस?"

"तेरा दिवस," मी म्हणालो.

त्यानं आत जाऊन दार लावलं. मी पायरीवर थोडा वेळ बसलो. मग कठडा धरून खाली उतरलो.