नदीची चिठ्ठी

मी अहेरीत राहतो आणि भामरागडकडच्या गावांत सोलर पंप बसवतो. डोक्यावर साहेब नाही, वर्षाचं काम आपणच आखायचं. म्हणून जानेवारीत एका प्रशिक्षकाच्या वार्षिक ध्येयांच्या वर्गाला जाऊन बसलो. त्याने प्रत्येकाला आपली अडचण चिठ्ठीवर लिहून जाळायला लावली. मी लिहिलं, 'पावसाळ्यात नदी रस्ता बंद करते.' तो हसला. "ही अडचण नाही, हा बहाणा आहे." सगळ्यांदेखत मी ती चिठ्ठी पेटवली. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

दर महिन्याला भामरागडची एक फेरी, असं ध्येय ठरवलं. जूनपर्यंत एकही चुकवली नाही. जुलैत पूल पाण्याखाली गेला. तसं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवलं, तर या प्रशिक्षकाचं उत्तर, "जिंकणारे कारणं सांगत नाहीत." अरे, पूलच दिसून नाई राह्यला, तर गाडी काय तुझ्या डोक्यावरून नेऊ?

ऑगस्टमध्ये त्याचा पुढचा वर्ग अहेरीतच होता. वर्गाच्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला. वाटेत नाल्याला पूर आहे, येता येणार नाही म्हणे.

"सर," मी म्हटलं, "चिठ्ठीवर लिहा अन् जाळून टाका."