उजवा हात मोकळा

नीला प्रधान ठाण्याच्या मूकबधिर शाळेत शिकवत. त्या शिक्षणाची पदविका त्यांच्याकडे होती. खुणांची भाषा मात्र मुलांकडून शिकलेली. जुन्या विद्यार्थ्याचं दवाखान्याचं काम निघालं की रजा टाकून दुभाषी म्हणून जात. नियम एकच: खोलीत जे ऐकू येईल ते सगळं पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही. एकदा एका मुलाला त्यांनी पदरचं सांगितलं होतं, "दुखणार नाही." त्यानं पुन्हा त्यांच्या हातांकडे पाहिलंच नाही.

एकोणनव्वदच्या भाद्रपदात त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं, मंजुळाचं, सीझर ठरलं. जन्माची बहिरी, कोळीवाड्यात दिलेली. सासू चंद्रभागा वॉर्डाच्या दारातच आडवी आली.

"माजे सुनंचा सगला माना कलतं. तुमी कशाला?"

"घरातलं तुम्हालाच कळतं, मावशी. इथलं मला बघू द्या."

"मंग पोट फारनार त्ये सांगू नको गो, घाबरंल!"

खाटेवरच्या मंजुळाकडे बघत नीलाबाईंचे हात चालूच होते. चंद्रभागा चरकली. "काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात ते."

मंजुळाचा चेहरा उतरला. मग तिची बोटं हलली: ठाऊक आहे, बाई. फक्त माझे हात बांधू देऊ नका.

ऑपरेशनच्या टेबलावर दोन्ही हात फळीला बांधायची पद्धत होती.

"डॉक्टर, हात बांधले तर ती बोलणार कशानं?"

"आणि हात जखमेत गेला तर?" भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"मनगट मी धरते."

"उजवा मोकळा. जबाबदारी तुमची."

मंजुळाच्या पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं. पडदा लागला. थोड्याच वेळात मंजुळाचा हात भराभर हलू लागला.

"मला श्वास घेता येत नाही," नीलाबाई म्हणाल्या.

"सिस्टर, यांना बाहेर न्या. चक्कर येतेय."

"मला नाही हो! ती बोलतेय. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. बोटं बधिर होतायत."

डॉक्टर झटकन वळले. प्राणवायूचा मास्क मंजुळाच्या तोंडावर आला. तिची बोटं एकेक करून नीलाबाईंच्या तळहातावर पडली.

"काय म्हणतेय?"

"काहीच नाही."

मंजुळाचे डोळे तेवढे त्यांच्यावर खिळलेले. 'काही होणार नाही' ही खूण हातात आली होती. नीलाबाईंनी मूठ आवळली.

"तिच्याकडे बघून बोला, डॉक्टर. काय झालंय ते सांगा."

डॉक्टरांनी स्वतःचा मास्क खाली ओढला. "भुलीचं औषध छातीपर्यंत वर चढलंय. श्वास मी देतोय. हळूहळू उतरेल."

नीलाबाईंनी तेवढंच सांगितलं, एक खूण कमी नाही की जास्त नाही. घड्याळाकडे बघायचा त्यांना धीर होईना. किती वेळ गेला कोण जाणे, तळहातावर एक बोट हललं. मग दुसरं.

पडद्यापलीकडे मूल रडलं. मंजुळानं बोटानंच विचारलं: आवाज आहे?

नीलाबाईंचा हात रडण्याबरोबर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मूल गप्प झालं तेव्हाच थांबला. मग मात्र त्यांनी बसायला स्टूल मागितलं.